गव्हाच्या मुलखातले सैनिक

कॅनडात रॉकी पर्वतांच्या पायथ्यापासून पूर्वेकडच्या खडकाळ सरोवरप्रदेशापर्यंत, अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांच्या दक्षिण भागात जो विस्तीर्ण गवताळ सपाट मुलूख पसरला आहे, त्याला प्रेअरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा मुलूख गव्हाचे कोठार म्हणून नावारूपाला आला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच कोठारातून दोन वेळा शेतकऱ्यांची मुले युरोपातल्या रणांगणांवर गेली. जी परत आली त्यांना जमिनीवर वसवण्याचा प्रयत्नही कॅनडाच्या सरकारने दोन वेळा केला. त्यांपैकी पहिला बव्हंशी फसला आणि दुसरा पुष्कळ अंशी साधला. मात्र ज्यांच्या पूर्वजांचा हा मुलूख होता, त्या आदिवासी सैनिकांना दोन्ही वेळा वेगळे माप लावले गेले. प्रेअरीवरच्या शेतकरी-सैनिकाच्या आयुष्याची कहाणी म्हणजे मुख्यतः त्याच्या जमिनीची कहाणी आहे, म्हणून तिची सुरुवातही जमिनीपासूनच करावी लागते.

१८७१ ते १८७७ या काळात कॅनडाच्या सरकारने क्री, सोतो, असिनिबॉइन, ब्लॅकफूट इत्यादी आदिवासी समाजांशी एकामागून एक सात करार केले आणि त्यांना राखीव क्षेत्रांत, म्हणजे त्यांच्यासाठी आखून दिलेल्या मर्यादित जमिनींवर, हलवले. उरलेली जमीन चौरस मैलांच्या तुकड्यांत मोजली गेली. ६४० एकरांच्या अशा एका तुकड्याला ‘सेक्शन’ आणि त्याच्या चतुर्थांशाला, म्हणजे १६० एकरांना, ‘क्वार्टर’ असे नाव होते. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्यानुसार १० डॉलर शुल्क भरून, ठरलेली वर्षे तेथे राहून, ठरावीक जमीन नांगराखाली आणणाऱ्याला एक क्वार्टर मिळत असे आणि या पद्धतीला ‘होमस्टेड’ म्हणत. १८८५ मध्ये पॅसिफिक रेल्वे पूर्ण झाल्यावर इंग्लंड, स्कॉटलंड, युक्रेन, जर्मनी, स्कँडिनेव्हिया आणि पूर्व कॅनडा येथून कुटुंबांचे लोंढे आले. लाकूड मिळेना म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीची ढेकळे विटांसारखी रचून त्यांनी पहिली घरे उभी केली. हिवाळ्यात उणे ३० ते ४० अंशांपर्यंत उतरणारे तापमान, जेमतेम शंभरेक दिवसांचा बिनहिमाचा काळ आणि बेभरवशाचा पाऊस अशा हवामानात गहू पिकवायचा तर लवकर तयार होणारे वाण हवे होते. चार्ल्स सॉन्डर्स यांनी निवडून सिद्ध केलेल्या ‘मार्क्विस’ या वाणाने ती गरज भागवली. तरीही दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्याविषयी जॉन पॅलिसर यांच्या १८५७ ते १८६० च्या पाहणी मोहिमेने दिलेला इशारा, की हा भाग शेतीला योग्य नाही, वसाहतीच्या उत्साहात मागे पडला. त्याची किंमत पुढे दोन पिढ्यांनी मोजली.

पहिल्या महायुद्धात कॅनडातून सहा लाखांहून अधिक लोक सैन्यात दाखल झाले. युद्धामुळे युरोपात धान्याची टंचाई होती, गव्हाचे भाव कडाडले होते आणि १९१७ च्या पिकासाठी सरकारने बुशेलला २ डॉलर २१ सेंट असा भाव बांधून दिला होता; बुशेल हे धान्याचे माप असून गव्हाचे एक बुशेल सुमारे २७ किलो भरते. अशा तेजीच्या दिवसांत, १९१७ मध्ये सोल्जर सेटलमेंट कायदा झाला आणि १९१९ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. परतलेल्या सैनिकाला जमीन, जनावरे आणि अवजारे यांसाठी एकूण ७,५०० डॉलरपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने, मिळू लागले. सुमारे २५,००० सैनिकांनी ही वाट धरली. जमीन तेजीच्या भावाने घेतलेली, जनावरेही तेजीच्या भावाने घेतलेली आणि सारा पैसा फेडीचा. एवढ्यात १९२० नंतर गव्हाचे भाव निम्म्याहून खाली आले. कर्जाचा आकडा मात्र आहे तेवढाच राहिला. सरकारने पुढे वेळोवेळी व्याज आणि मुद्दल कमी केले, पण तोवर असंख्य सैनिकांनी शेत सोडून शहराची किंवा लाकूडतोडीच्या छावणीची वाट धरली होती. जे टिकून राहिले त्यांतल्या पुष्कळांची शरीरे खंदकांतल्या वर्षांनी अकाली झिजली होती. १९३० मध्ये अशांसाठी वॉर व्हेटरन्स अलाउन्स हा निर्वाहभत्ता सुरू करावा लागला, तेव्हा लोकांनी त्याला ‘जळून गेलेल्यांचे पेन्शन’ असे नाव दिले. या योजनेचे अपयश शेतकऱ्याच्या आळसावर किंवा अननुभवावर ढकलण्याची रीत त्या काळी होती. परंतु ज्या धंद्यात उत्पन्न पावसावर आणि परक्या बाजारावर अवलंबून असते, त्यात संपूर्ण भांडवल कर्जाऊ देणे ही मूळ चूक होती आणि ती शेतकऱ्याची नव्हती.

त्यानंतर आले १९३० चे दशक. जागतिक मंदीत १९३२ च्या अखेरीस गव्हाचा भाव बुशेलला ४० सेंटांच्याही खाली गेला, म्हणजे पीक कापून रेल्वेपर्यंत नेण्याचा खर्चही निघेना, आणि त्याच वेळी दक्षिण सस्कॅचेवान आणि आग्नेय अल्बर्टात वर्षामागून वर्ष पाऊस हुलकावणी देत गेला. नांगरून मोकळी झालेली माती वाऱ्यावर उडू लागली. या धुळीच्या वादळांचे वर्णन करताना त्या पिढीतली माणसे घरातल्याच गोष्टी सांगतात: खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायची, जेवणाच्या टेबलावर ताटल्या पालथ्या मांडायच्या आणि अन्न वाढायच्या क्षणीच उलटायच्या, भर दुपारी दिवे लावायचे आणि वादळ सरल्यावर कुंपणालगत साचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरून गुरे सहज पलीकडे जाताना पाहायची. गुरांना चारा म्हणून ‘रशियन थिसल’ नावाचे काटेरी तण हिरवे असताना कापून घातले जाई. पेट्रोलला पैसे नसल्याने मोटारीचे इंजिन काढून तिला घोडे जुंपत आणि तत्कालीन पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावावरून या वाहनाला ‘बेनेट बग्गी’ म्हणत. पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी मदत म्हणून खारवलेला कॉड मासा रेल्वेने पाठवला, तेव्हा जन्मात समुद्र न पाहिलेल्या घरांत तो कसा शिजवायचा हेच कुणाला ठाऊक नव्हते. १९३७ साली सस्कॅचेवानमध्ये गव्हाचा सरासरी उतारा एकरी तीन बुशेलांपर्यंतही पोचला नाही. ज्या घरी बियाण्यासाठी सरकारी मदत घ्यावी लागे, त्या घरातला थोरला मुलगा बेकारांच्या छावणीत दिवसाला २० सेंटांवर रस्ते बांधायला जाई.

१० सप्टेंबर १९३९ रोजी कॅनडाने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा साध्या शिपायाला रोज १ डॉलर ३० सेंट पगार, कपडे, जोडे आणि तीन वेळचे जेवण मिळत होते. भरती कार्यालयापुढे लागलेल्या रांगांचा अर्थ लावताना हा फरक विसरून चालत नाही. तथापि केवळ पोटासाठी माणसे गेली असे म्हणणेही अन्यायाचे होईल, कारण इंग्लंडशी नाते मानणारी घरे होती, पोलंड आणि युक्रेनमधल्या आप्तांची काळजी करणारी घरे होती आणि पहिल्या युद्धातल्या बापाचे पदक भिंतीवर असलेली घरे तर गावोगावी होती. सुमारे एक कोट पंधरा लाख लोकसंख्येच्या देशातून दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक लोक गणवेशात आले. मागे शेतावर म्हातारे आईबाप, बहिणी आणि शाळकरी भावंडे उरली. त्यात विचित्र असे, की युरोपची बाजारपेठ बंद झाल्याने सुरुवातीची वर्षे गहू खपेना. कोठारे तुडुंब भरली आणि १९४१ मध्ये सरकारने गव्हाखालचे क्षेत्र कमी करून जमीन पड टाकणाऱ्याला एकरी ४ डॉलर देऊ केले. पुढे मागणी वाढली तेव्हा माणसे नव्हती, यंत्रांवर नियंत्रण होते आणि कापणीच्या हंगामात सैनिकांना शेतीरजा देण्याची वेळ आली.

युद्ध प्रेअरीवर दुसऱ्या वाटेनेही आले. डिसेंबर १९३९ मध्ये ठरलेल्या ब्रिटिश कॉमनवेल्थ एअर ट्रेनिंग योजनेखाली वैमानिक, दिशादर्शक आणि बाँब टाकणारे तयार करण्यासाठी कॅनडाभर विमानशाळा उभ्या राहिल्या. सपाट जमीन, मोकळे आकाश आणि शत्रूपासूनचे अंतर यांमुळे त्यांतल्या पुष्कळ प्रेअरीच्या वाट्याला आल्या. युद्ध संपेपर्यंत या योजनेतून १,३१,५५३ हवाई सैनिक बाहेर पडले. ज्या मुलाने आयुष्यात घोड्याच्या नांगरापलीकडे काही हाकले नव्हते, तो घरापासून तासाभराच्या अंतरावर विमान चालवायला शिकत होता आणि वर्षभरात जर्मनीवरच्या रात्रीच्या हल्ल्यांत सामील होत होता.

प्रेअरीच्या पलटणींचा युद्धेतिहास ठिकठिकाणी विखुरलेला आहे. विनिपेग ग्रेनेडियर्स डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगला जपान्यांच्या हाती सापडले आणि वाचलेल्यांनी पावणेचार वर्षे कैदेत उपासमार आणि वेठबिगार भोगली. त्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून मरण पावलेले सार्जंट मेजर जॉन ऑसबॉर्न यांनी इंग्लंडहून येऊन काही काळ सस्कॅचेवानमध्ये शेती केली होती. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएपचा जो फसलेला छापा झाला, त्यात साउथ सस्कॅचेवान रेजिमेंट पुर्व्हिल गावी उतरली. मोहिमेत भाग घेतलेल्या ४,९६३ कॅनेडियनांपैकी २,२१० जणच इंग्लंडला परतले आणि ९०७ मरण पावले. पकडलेल्यांचे हात जर्मनांनी पुढे कित्येक महिने बांधून ठेवले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या कुर्सल गावी उतरलेल्या रेजायना रायफल्समध्ये सस्कॅचेवानच्या खेड्यांतली मुले मोठ्या संख्येने होती आणि दोनच दिवसांनी त्यांनी ब्रेतव्हिल गावात जर्मन पँथर रणगाड्यांचा रात्रीचा हल्ला थोपवून धरला.

मराठी वाचकाला यांतली इटलीची मोहीम अधिक जवळची वाटावी. डिसेंबर १९४३ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या ऑर्टोना शहरासाठी पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनने जी लढाई दिली, तिच्यात लॉयल एडमंटन रेजिमेंट आघाडीवर होती आणि सस्कॅटून लाइट इन्फन्ट्रीच्या मशीनगन आणि उखळी तोफा तिच्या पाठीशी होत्या. रस्ते जर्मनांच्या माऱ्याखाली असल्याने हे सैनिक रस्त्यावर उतरत नसत. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या वरच्या मजल्यावर स्फोटकांनी भगदाड पाडायचे, धूर निवळायच्या आत पलीकडच्या खोलीत बाँब टाकून शिरायचे आणि जिना उतरत खालचे मजले मोकळे करायचे, अशा रीतीने एक एक घर घेत ते आठवडाभर लढले. जवळच्या मोरो नदीकाठच्या कबरस्तानात १,३७५ कॅनेडियन पुरले आहेत. त्याच हिवाळ्यात या डिव्हिजनच्या डाव्या बगलेला आठवी इंडियन डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन लढत होती. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात कॅनेडियनांनी उत्तर इटलीतल्या सेनिओ नदीचा काठ धरून ठेवला, नंतर त्यांना वायव्य युरोपात हलवण्यात आले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्याच नदीवरच्या हल्ल्यात अहमदनगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदीपार नेऊन आणि शत्रूच्या मशीनगन एकट्याने बंद पाडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जिरायती शेतीवर वाढलेल्या दोन मुलखांतली मुले एकाच चिखलात, ब्रिटिशांच्या एकाच आठव्या सेनेत होती, ही गोष्ट दोन्हीकडच्या इतिहासांत फारशी सांगितली जात नाही.

युद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, कॅनडाने व्हेटरन्स लँड अ‍ॅक्ट संमत केला आणि या वेळी पहिल्या योजनेचे धडे गिरवलेले दिसतात. त्याची रचना आकड्यांतच समजून घेणे योग्य, कारण सारे शहाणपण त्या आकड्यांत आहे. शेतीवरच पोट भरणाऱ्या सैनिकाला पुढे वाढवलेल्या मर्यादेनुसार ६,००० डॉलरपर्यंतची मालमत्ता मिळे. त्यात ४,८०० डॉलर जमीन आणि घरगोठ्यांसाठी आणि १,२०० जनावरे आणि अवजारांसाठी असत. सैनिकाने जमिनीच्या किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ४८० डॉलर, सुरुवातीला भरायचे आणि दोन तृतीयांश, म्हणजे ३,२०० डॉलर, साडेतीन टक्के व्याजाने २५ वर्षांपर्यंत फेडायचे. उरलेले १,१२० आणि अवजारांचे १,२००, मिळून २,३२० डॉलर, दहा वर्षे अटी पाळून शेती चालवली की माफ होत. शिवाय सैनिकाला शेतीची जाण आहे की नाही हे आधी स्थानिक समिती पाहत असे आणि नसल्यास प्रशिक्षणाची सोय होती. ज्याला शेती नको त्याला त्याच वेळी दुसरे मार्ग मोकळे होते: विद्यापीठात किंवा धंदेशिक्षणात शिकताना अविवाहिताला महिना ६० आणि विवाहिताला ८० डॉलर भत्ता मिळे. त्यामुळे नाइलाजाने शेतीकडे ढकलले जाण्याची वेळ थोड्यांवर आली. १९७७ मध्ये नवे अर्ज घेणे थांबेपर्यंत १,४०,००० हून अधिक माजी सैनिकांनी या कायद्याची मदत घेतली होती. त्यांत पूर्णवेळ शेती करणारे होते, तसेच नोकरी सांभाळून शहरालगत थोड्या जमिनीवर राहणारेही होते.

काही सैनिकांनी वेगळी वाट चोखाळून पाहिली. सस्कॅचेवानमध्ये १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली सहकारवादी पक्षाचे सरकार आले होते. त्याच्या पाठिंब्याने १९४६ मध्ये काइल गावाजवळ, पूर्वी मॅटाडोर नावाच्या कंपनीचे गुरांचे रान असलेल्या सरकारी जमिनीवर, माजी सैनिकांच्या एका गटाने मॅटाडोर सहकारी शेत उभे केले. जमीन सामाईक, यंत्रे सामाईक, घरे एका वस्तीत आणि निर्णय सर्वांच्या बैठकीत. प्रेअरीवर शेजाऱ्याचे घर मैलभर दूर असते, तेथे शाळकरी मुले एकत्र खेळू शकतील अशी वस्ती करणे हीच मोठी गोष्ट होती. पलटणीत एकत्र राहण्याची जी सवय लागली होती, तिचा शेतीत उपयोग करून पाहण्याचा हा प्रयोग होता. तो काही दशके चालला. त्याचे अनुकरण मात्र फारसे झाले नाही.

बहुतेकांचे आयुष्य आपल्या एक-दोन क्वार्टरवरच गेले आणि तेथे युद्धानंतरच्या दहा वर्षांत जेवढे बदल झाले तेवढे आधीच्या पन्नास वर्षांत झाले नव्हते. युद्धापूर्वी गहू बाइंडर यंत्राने कापून पेंढ्या बांधल्या जात, आठ-दहा पेंढ्या ओंब्या वर करून एकमेकींना टेकवून वाळवल्या जात आणि मग गावोगाव फिरणारे मळणीयंत्र डझनभर गड्यांसह शेतावर येई. त्या गड्यांचे दिवसाचे चार-पाच वेळचे जेवण रांधणे हे घरच्या बायकांचे वर्षातले सर्वांत कष्टाचे काम असे. १९४५ नंतर कापणी आणि मळणी एकत्र करणारे स्वयंचलित कम्बाइन यंत्र घरोघरी आले आणि बाप-मुलगा दोघांत हंगाम उरकू लागला. रणगाडे, ट्रक आणि विमानांची इंजिने हाताळून आलेल्या सैनिकांना यंत्रांची भीती नव्हती आणि दुरुस्तीला शहरात जाण्याची गरजही नव्हती. सस्कॅचेवानमध्ये १९४९ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर वीज शेतांपर्यंत पोचू लागली. या सैनिकांबरोबर आलेल्या बायकांची कथा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. सुमारे ४८,००० कॅनेडियन सैनिकांनी युरोपात, मुख्यतः इंग्लंडमध्ये, लग्ने केली होती. लंडन-लिव्हरपूलमध्ये वाढलेल्या या मुली हॅलिफॅक्स बंदरात उतरून कित्येक दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासानंतर अशा घरांत आल्या, जेथे पाणी विहिरीवरून आणावे लागे, स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर होई आणि हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे नवऱ्याखेरीज बोलायला कुणी नसे. त्यांतल्या काही परत गेल्या. बहुतेक राहिल्या, आणि सासूकडून पाव भाजायला शिकत त्याही प्रेअरीच्या झाल्या.

युद्धाबद्दल घरात क्वचितच बोलले जाई. युद्धकाळात ‘बॅटल एक्झॉशन’ म्हणजे रणातला मानसिक थकवा ही संज्ञा डॉक्टरांच्या वापरात आली होती, ऑर्टोनाच्या लढाईत असे रुग्ण शेकड्यांनी निघाले होते. पण घरी परतल्यावर त्यासाठी उपचार जवळजवळ नव्हते. रात्री दचकून उठणे, दारू, अकारण संताप या गोष्टी घरच्यांनी गिळल्या. बोलण्याची एक जागा होती ती लीजन हॉलची. १९२५ मध्ये विनिपेगला स्थापन झालेल्या कॅनेडियन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखा प्रेअरीच्या लहान गावांतही होत्या. तेथे पेन्शनचे अर्ज भरून मिळत, विधवांची चौकशी होई, पत्ते आणि नाच होत आणि दर ११ नोव्हेंबरला अकरा वाजता, छातीवर लाल पॉपीचे फूल लावून, गावचौकातल्या स्मारकापुढे सारे गाव उभे राही. गावाची वस्ती तीनशे असली तरी त्या दगडावर वीस-पंचवीस नावे असू शकतात, त्यांत दोन-तीन एकाच आडनावाची. सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांनी आणखी एक मार्ग स्वीकारला. उत्तरेकडच्या अरण्यप्रदेशातली निनावी सरोवरे, बेटे आणि भूशिरे यांना युद्धात मरण पावलेल्या आपल्या सैनिकांची नावे देण्यात आली आणि एकट्या मॅनिटोबात अशी स्थळे चार हजारांहून अधिक आहेत.

शेतीची पुढची वाटचाल या पिढीने उभारलेल्या जगाला फारशी अनुकूल ठरली नाही. यंत्रे मोठी झाली तशी शेतेही मोठी झाली. सस्कॅचेवानमध्ये १९३६ साली सुमारे १,४२,००० शेते होती; २०१६ मध्ये ती सुमारे ३४,५०० उरली आणि सरासरी आकार १,७८४ एकरांवर गेला. रेल्वेकडेला उभी असलेली लाकडी एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवून डब्यात भरण्याची उंच कोठारे, एकेकाळी प्रेअरीवर पाच हजारांहून अधिक होती. त्यांतली बहुतेक पाडली गेली आणि त्यांच्याबरोबर शाळा, दुकाने आणि कित्येक लीजन हॉलही बंद झाले. शेतकऱ्यांच्या शेतमालाची विक्री त्यांच्या वतीने एकत्रितपणे करणारे कॅनेडियन व्हीट बोर्ड १९३५ मध्ये स्थापन झाले होते, १९४३ पासून गव्हासाठी ते बंधनकारक होते; त्याची मक्तेदारी २०१२ मध्ये संपली. व्हेटरन्स लँड कायद्याने दिलेले १६० किंवा ३२० एकर आज एका कुटुंबाला पुरत नाहीत. पण तेवढ्याने ती योजना व्यर्थ ठरत नाही, कारण तिने एका पिढीला मान ताठ ठेवून जगू दिले आणि त्या घरांतली मुले शिकून बाहेर पडली.

राहिला प्रश्न आदिवासी सैनिकांचा, आणि तो शेवटी घ्यावा लागतो कारण सरकारनेही तो शेवटीच घेतला. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना वसवायला रेल्वेजवळची चांगली जमीन कमी पडू लागली, तेव्हा सरकारची नजर राखीव क्षेत्रांकडे वळली. मिस्तावासिस, ओचापोवेस यांसारख्या क्षेत्रांतून १९१९ मध्ये जमिनी सोडायला लावण्यात आल्या आणि प्रेअरीवर मिळून ८५,००० एकरांहून अधिक राखीव जमीन या कामासाठी काढून घेतली गेली. त्या युद्धात सुमारे ४,००० आदिवासी लढले होते, म्हणजे भाऊ फ्रान्सच्या खंदकांत लढून परतत असताना घरची जमीन दुसऱ्या सैनिकाला देण्यासाठी मोजली जात होती. दुसऱ्या महायुद्धातही सुमारे ३,००० आदिवासी भरती झाले. मॅनिटोबातल्या ब्रोकनहेड समाजाचे टॉमी प्रिन्स त्यांतले सर्वांत नावाजलेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत आन्झिओजवळ शत्रूपासून अवघ्या दोनशे मीटरांवरच्या शेतघरातून टेहळणी करत असताना त्यांची टेलिफोनची तार तोफगोळ्याने तुटली. तेव्हा त्यांनी शेतकऱ्याचे कपडे चढवले, जर्मनांच्या डोळ्यांदेखत शेतात कुळपणी केल्यासारखे करत ते तुटलेल्या जागेपर्यंत गेले, बुटाची नाडी बांधण्याच्या मिषाने वाकून तार जोडली आणि पुन्हा काम करत करत परतले. त्यांना ब्रिटिशांचे मिलिटरी मेडल आणि अमेरिकेचा सिल्व्हर स्टार मिळाला. देशात परतल्यावर मात्र त्यांच्या समाजाला केंद्रीय निवडणुकांत अटीविना मतदानाचा हक्क नव्हता. तो आदिवासींना अटीविना १९६० मध्ये मिळाला. १९७७ मध्ये विनिपेगला ते दारिद्र्यात मरण पावले.

व्हेटरन्स लँड कायद्यात राखीव क्षेत्रावर राहणाऱ्या सैनिकांसाठी २,३२० डॉलरांचे अनुदान ठेवले होते. इतर सैनिकांना माफ होणारी रक्कमही तेवढीच असल्याने कागदावर ही समानता वाटते. पण इतरांना त्याखेरीज ३,२०० डॉलरचे स्वस्त कर्ज आणि अखेरीस जमिनीची मालकी मिळत होती. राखीव क्षेत्रातली जमीन कायद्याने सरकारच्या ताब्यात असल्याने आदिवासी सैनिकाला ती तारण ठेवता येत नव्हती आणि कर्जही मिळत नव्हते. अनुदानसुद्धा त्याच्या हातात पडत नसे. ते इंडियन एजंट या सरकारी अधिकाऱ्यामार्फत खर्च होई; बैल घ्यायचा की ट्रॅक्टर, कुंपणाची तार किती घ्यायची, हे तो अधिकारी ठरवी. युद्धात पलटणी चालवलेल्या माणसाला बियाण्याच्या पोत्यासाठी अर्ज लिहावा लागे. या वागणुकीविरुद्ध सैनिकांच्या संघटनांनी दशकानुदशके दाद मागितली. जून २००२ मध्ये कॅनडाच्या सरकारने हयात असलेल्या आदिवासी माजी सैनिकांना किंवा त्यांच्या मागे राहिलेल्या जोडीदारांना प्रत्येकी २०,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ केली. युद्ध संपून तोवर ५७ वर्षे झाली होती आणि ज्यांना ती मिळायला हवी होती त्यांतले बहुसंख्य मरण पावले होते.